तिसरं चाक काय देतं, काय घेतं

सकाळचे सहा वाजले होते. सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला, चारही बाजूंनी भिंत असलेल्या एका मोकळ्या मैदानात रिक्षावाल्या काकांनी आपली रिक्षा उभी केली, स्वतः डावीकडे सरकले आणि म्हणाले, "बसा."

तीस वर्षं मी दुचाकी चालवतो आहे. आधी वडिलांची चेतक स्कूटर, मग मोटारसायकल. पुण्यात वाढलेल्या माणसाचा हा सर्वसाधारण इतिहास. त्यामुळे रिक्षाचं हँडल हातात आलं तेव्हा ते परकं वाटलं नाही. डाव्या मुठीत क्लच, तीच मूठ फिरवून गिअर, उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर, उजव्या पायाखाली ब्रेक. सगळी मांडणी चेतकचीच. नव्हता तो फक्त उजव्या हातातला पुढचा ब्रेक.

पहिला गिअर टाकला, रिक्षा सरळ निघाली. दुसरा टाकला, वेग वीस-पंचवीसवर आला. मैदानाच्या टोकाला डावीकडे वळायचं होतं. तीस वर्षांच्या सवयीनं अंग डावीकडे कललं, डाव्या तळव्यानं मूठ हलकेच पुढे ढकलली गेली आणि रिक्षा सरळ उजवीकडे, कडुनिंबाच्या झाडाकडे निघाली. काकांनी हँडलला हात घालून ती वळवली. "हँडल वळवा, अंग नको!" ते ओरडले. रिक्षा थांबल्यावर शांतपणे म्हणाले, "साहेब, दुचाकी अंगानं चालते. रिक्षा हातानं."

काकांनी एका वाक्यात जे सांगितलं, ते नीट उलगडून दाखवणं एवढंच या प्रकरणाचं काम आहे. दोन चाकांना तिसरं चाक जोडलं की गाडी 'अधिक स्थिर' होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती उभ्या गाडीपुरती खरी आहे. गाडी चालू लागली, वळू लागली, ब्रेक लागले, की तिसरं चाक काही देतं आणि काही काढूनही घेतं. हा व्यवहार समजून घ्यायला पुण्याइतकं सोयीचं शहर शोधून सापडायचं नाही.

एका घरातली दोन भावंडं

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पिआजिओ कंपनीपुढे प्रश्न होता की विमानांचा कारखाना आता करणार काय. त्यांचा अभियंता कोराडिनो दास्कानिओ हा मूळचा विमान आणि हेलिकॉप्टरवाला. त्यानं १९४६ साली व्हेस्पा स्कूटर आणली. पुढचं चाक दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये न अडकवता विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलेलं. म्हणूनच स्कूटरचं चाक मोजके नट काढून चटकन बदलता येतं आणि 'स्टेपनी' नावाची वस्तू पुणेकरांच्या घरात आली. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच घराण्यात आपे जन्माला आली. इटालियनमध्ये 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी आणि 'आपे' म्हणजे मधमाशी. पुढचा भाग स्कूटरचा, मागे दोन चाकांवर सामानाची पेटी.

त्याच सुमारास आपल्याकडे नवलमल फिरोदिया यांच्या मनात असं तीनचाकी वाहन माणसं वाहायला वापरण्याची कल्पना घोळत होती. नगरकडचे हे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. माणसानं माणसाला ओढू नये, हा त्यांचा आग्रह होता. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे ही कल्पना गेली, परवानगी मिळाली आणि टांग्यांच्या पुण्यात ऑटोरिक्षा धावू लागली. बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८ पासून दुचाकी आणि तीनचाकी आयात करून विकत होती. तिचीच पुढे बजाज ऑटो झाली. १९५९ मध्ये तिला दोन्ही वाहनं इथेच बनवण्याचा परवाना मिळाला आणि आकुर्डीच्या कारखान्यातून एकाच कुळातली स्कूटर आणि रिक्षा बाहेर पडू लागली. १९७२ साली चेतक आली. १९७७ मध्ये रिक्षाचं इंजिन मागे गेलं. हा बदल लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

फिरोदियांच्या दुसऱ्या उपक्रमानं तर मराठी भाषेला शब्दच दिला. जर्मनीच्या टेंपो कंपनीशी करार करून १९५८ मध्ये बजाज टेंपो सुरू झाली आणि तिनं आणलेला तीनचाकी मालवाहू इतका रुळला की आज चार चाकांचा, सहा चाकांचा कोणताही छोटा मालट्रक आपल्यासाठी 'टेंपो'च असतो. आपेही पुढे पुणे जिल्ह्यात आली. पिआजिओचा कारखाना बारामतीत आहे.

सांगायचा मुद्दा असा की रिक्षा म्हणजे लहान केलेली मोटार नव्हे. तिला स्टिअरिंगचं चाक नाही, हँडल आहे. पायात ॲक्सिलरेटर नाही, मुठीत आहे. रिक्षा म्हणजे तीन चाकांची मोटारसायकल. म्हणूनच ती दुचाकीशेजारी ठेवून पाहिली की फरक स्वच्छ दिसतो. बाकी सगळं तेच, बदललं ते एक चाक.

रेषा आणि त्रिकोण

दुचाकी जमिनीला दोन ठिकाणी टेकते. हे दोन बिंदू जोडले तर एक रेषा होते. रेषेवर काहीही आपोआप उभं राहत नाही. स्टँडवरून काढलेली गाडी सोडून दिली तर ती पडणारच. मग चालती गाडी का पडत नाही?

लहानपणी तळहातावर उभी काठी तोलायचा खेळ सगळ्यांनी खेळलेला असतो. काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण हात नेतो आणि तिच्या पडत्या वजनाखाली पुन्हा आधार देतो. दुचाकीस्वार अखंड हेच करत असतो. गाडी डावीकडे कलली की पुढचं चाक किंचित डावीकडे वळतं, दोन्ही चाकं पुन्हा वजनाखाली येतात. हे इतकं बारीक आणि इतकं सतत चालतं की आपल्याला त्याची जाणीवही नसते. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे गाडी उभी राहते, असं शाळेत अनेकांनी ऐकलेलं असतं. त्याचा वाटा आहे, पण तोच एक आधार नाही. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी भोवऱ्याचा परिणाम काढून टाकलेली एक छोटी सायकल बनवली आणि ढकलून दिली. तीही स्वतःचा तोल सावरत गेली. तोल येतो तो मुख्यतः वजन आणि वळणं यांच्या मेळातून.

यातूनच दुचाकीची सर्वात नवलाची गोष्ट निघते. वेगात डावीकडे वळायचं असेल तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे जावं लागतं. चाकं उजवीकडे सरकतात, अंगाखालून निसटतात, गाडी डावीकडे कलते आणि मग त्या कलत्या अंगानं वळण घेते. विमान बनवण्याआधी सायकलींचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटनं हे हेरलं होतं आणि बहुतेक सायकलस्वारांना आपण असं करतो हे ठाऊकच नसतं, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. मी कडुनिंबाकडे निघालो होतो तो याच न कळत्या सवयीनं. डावी मूठ पुढे ढकलली की हँडल उजवीकडे जातं. दुचाकी त्यामुळे डावीकडे कलते. रिक्षा कलूच शकत नाही, म्हणून ती हँडल दाखवेल तिकडे, उजवीकडे जाते.

रिक्षा तीन ठिकाणी टेकते. तीन बिंदू जोडले की त्रिकोण होतो. सगळ्या वजनाचा मध्यबिंदू, म्हणजे गुरुत्वमध्य, या त्रिकोणाच्या आत आहे तोवर रिक्षा पडणार नाही. सिग्नलला पाय टेकायला नको, वीस किलोचं पोतं ठेवलं तरी डुगडुगणार नाही. हे तिसऱ्या चाकाचं देणं.

आता वळण घेऊ. वळताना प्रत्येक वाहनाला बाहेरच्या बाजूला झोक बसतो. वेग दुप्पट झाला तर हा झोक चौपट होतो. दुचाकी आतल्या बाजूला कलून या झोकाला उत्तर देते. पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटर वेगानं गेलं तर हिशेबानं ती सुमारे २५ अंश कलते. स्वाराला, मागे बसलेल्याला, मांडीवरच्या पिशवीलाही बाजूला ढकललं जाणं जाणवत नाही, कारण सगळेच गाडीबरोबर कललेले असतात. म्हणूनच दुचाकीचं टायर आडव्या छेदात गोलाकार असतं. कललेल्या गाडीलाही त्याच्या कडेवर पकड मिळते.

रिक्षाला हे उत्तर देता येत नाही. तिच्याजवळ आहे तो फक्त त्रिकोण. कागदावर एक उदाहरण करून पाहू. मागच्या चाकांमधलं अंतर ११५ सेंटिमीटर, पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंत दोन मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच, असं धरू. मागे तीन माणसं बसली आहेत आणि गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून १४० सेंटिमीटर मागे आहे. त्याच पंधरा मीटरच्या वळणावर ही रिक्षा ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास आतलं चाक उचलू लागेल. आता मागची माणसं उतरवा आणि त्यांतला एक जण चालकाजवळ पुढे बसवा. वजन पुढे सरकलं, गुरुत्वमध्य मधोमध आला. उंची तीच धरली तरी चाक उचलायची वेळ २९ किलोमीटरलाच येते.

कारण त्रिकोण पुढे निमुळता आहे. वजन जितकं मागे, दोन चाकांच्या जवळ, तितकी त्याला रुंद जागा. जितकं पुढे, तितकी अरुंद. चालकाच्या दोन्ही बाजूंना माणसं कोंबून निघालेली शेअर रिक्षा धोक्याची असते ती नुसत्या दाटीमुळे नव्हे. तिच्या वजनानं त्रिकोणाची रुंद बाजू सोडलेली असते. १९७७ मध्ये इंजिन मागे गेलं तेव्हा एक मोठं लोखंडी वजन त्रिकोणाच्या रुंद बाजूला गेलं, हेही आता नीट कळतं.

ब्रेकचंही तेच. ब्रेक दाबला की वजन पुढे धावतं. सरळ रस्त्यावर त्यानं बिघडत नाही. वळणाच्या मध्यावर दाबला तर वजन एकाच वेळी पुढे आणि बाहेर जातं, नेमकं त्रिकोणाच्या सर्वात अरुंद कोपऱ्याकडे. म्हणून जाणता रिक्षाचालक वेग वळणाआधी उतरवतो आणि वळणात नुसता हँडल धरून राहतो. काकांनी मला पहिल्या तासाला शिकवलं ते हेच. "आधी हळू, मग वळू."

त्रिकोणाचं टोक कुठे?

तीन चाकं मांडायच्या तऱ्हा मात्र एकाहून अधिक आहेत आणि माणसानं त्या सगळ्या करून पाहिल्या आहेत.

मोटारीच्या जन्माच्या वेळीच हा प्रश्न समोर होता. १८८५ साली दाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्याची पहिली मोटारसायकल बनवली, तिला पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना छोटी आधाराची चाकं होती. पुढच्याच वर्षी कार्ल बेन्झनं आपल्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं, ती गाडी तीन चाकांची होती. पुढची दोन चाकं एकाच वेळी नीट कशी वळवायची याचं मनासारखं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. एक चाक वळवणं सोपं होतं. १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्था याच तीनचाकी घराण्यातली गाडी घेऊन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर, गेली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तीन चाकांवर झाला.

एक चाक पुढे, दोन मागे ही रिक्षाची मांडणी सोपी आणि स्वस्त. पुढचा भाग दुचाकीचा तसाच वापरता येतो. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसननं १९३२ ते १९७३ अशी तीनचाकी सर्व्हिकार बनवली. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या मोटारसायकलींना मागे डबा जोडून जुन्या शहरात प्रवासी वाहतूक होत असे. त्या गाड्यांनाही लोक फटफटच म्हणत, जसं आपण मराठीत मोटारसायकलला फटफटी म्हणत आलो. सौराष्ट्रातला छकडा तर अजून ओळखीचा आहे, पुढून बुलेट आणि मागून गाडा.

याच मांडणीचा वेगाशी आणि उंचसखल जमिनीशी संबंध आला की काय होतं ते अमेरिकेनं पाहिलं. तिथे रानावनात चालवायच्या जाड टायरच्या तीनचाकी गाड्या लोकप्रिय झाल्या होत्या. त्यांच्या अपघातांत इतकी माणसं, विशेषतः मुलं, जखमी झाली की १९८८ साली सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार उत्पादकांनी त्यांची विक्री बंद केली आणि चारचाकी आल्या.

दुसरी तऱ्हा उलटी: दोन चाकं पुढे, एक मागे. यात ब्रेक दाबल्यावर पुढे धावणारं वजन त्रिकोणाच्या रुंद बाजूला जातं. इंग्लंडच्या मॉर्गन गाड्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अशा होत्या आणि २००७ मध्ये कॅनडातून आलेली कॅन-ॲम स्पायडर ही याच मांडणीची आजची मोटारसायकल आहे. पण वळवणारी दोन चाकं, त्यांचे दुहेरी सांधे, दुहेरी सस्पेन्शन यांमुळे ती महाग पडते.

तिसरी तऱ्हा साइडकारची. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलची जी व्याख्या आहे, तिच्यात सुटी करता येणारी, एका जादा चाकाची साइडकार जोडलेली दुचाकीही धरलेली आहे. कायद्यानं ते तिसरं चाक मोजलेलंच नाही. एके काळी पुण्यातही स्कूटरला साइडकार जोडून सगळं कुटुंब देवदर्शनाला निघे. नव्या पिढीला साइडकार आठवते ती १९७५ च्या 'शोले'मुळे. चालवायला ती तिन्हींत अवघड, कारण तिचा त्रिकोण एकांगी असतो. आपल्याकडे ती डावीकडे असते. वेग वाढवला की तिच्या वजनानं गाडी डावीकडे ओढते, ब्रेक मारला की साइडकार पुढे रेटते आणि गाडी उजवीकडे जाते. डावीकडे वेगात वळलं तर साइडकारचं चाकच उचलतं, आणि ती रिकामी असेल तर लवकर. म्हणूनच डावं वळण रिकाम्या साइडकारनिशी घेताना सर्वाधिक जपावं लागतं.

रस्ता काय म्हणतो?

कागदावरचा त्रिकोण रस्त्यावर आला की हिशेब पुन्हा बदलतो.

दुचाकीचा माग एकच असतो. खड्डा दिसला तर तेवढी एक रेघ चुकवली की झालं. रिक्षाचे माग तीन. मधला पुढच्या चाकाचा, बाजूचे मागच्या दोन चाकांचे. काकांना खड्ड्यातून जाताना पाहणं म्हणजे एक शिक्षण होतं. मधल्या आणि बाजूच्या मागात जेमतेम अर्ध्या मीटरचं अंतर उरतं. खड्डा त्या पट्ट्यात बसवून ते अलगद निघून जात. खड्डा त्याहून रुंद असेल तर वेग पार उतरवून मागचं एकच चाक त्यात घालत. पुढचं चाक कधीच नाही. रिक्षाची चाकं आठ इंची रिमची, मोटारसायकलची सतरा-अठरा इंची. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल बसतं आणि पुढचं एकुलतं चाक अडकलं तर सगळी रिक्षाच त्याच्याभोवती फिरते. रस्त्याच्या पातळीच्या खाली राहिलेलं ड्रेनेजचं झाकण, म्हणजे आपलं 'चेंबर', काकांना नकाशासारखं पाठ होतं.

पावसाचा हिशेब नेमका उलटा. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ, तेल आणि रबर मिळून एक निसरडा थर तयार होतो. दुचाकीचं पुढचं चाक कललेल्या स्थितीत घसरलं तर सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही. आधी गाडी जाते, मागोमाग माणूस. रिक्षाचं चाक घसरलं तर रिक्षा थोडी सरकते, पुन्हा पकड घेते आणि पुढे जाते. ओली वाळू, गणपतीच्या मिरवणुकीनंतरची फुलं, भाजीबाजाराबाहेरची पानं: या सगळ्यांपुढे तीन चाकं निर्विवाद वरचढ. दुचाकीच्या या दुबळेपणावर उपाय म्हणून एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान जोडब्रेक सक्तीचे झाले आहेत. चाक जाम न होऊ देणं हाच दोन चाकांचा मोठा आधार.

आणि जागेचं काय? २०१८ साली पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे, माणसांच्या संख्येच्याही पुढे गेली, तेव्हा त्यांत सुमारे २७ लाख दुचाकी होत्या. सायकलींचं म्हणून ओळखलं जाणारं शहर दुचाकींचं झालं त्याचं एक कारण पेठांतल्या गल्ल्यांत दडलेलं आहे. दुचाकी हँडलच्या रुंदीएवढ्या फटीतून निघते. रिक्षाला सव्वा मीटरहून जास्त वाट हवी. त्या बदल्यात रिक्षा छप्पर देते, तीन माणसं नेते आणि आजीला साडी सावरत एका बाजूनं बसायला लावत नाही.

रस्ते कधी कधी चाकं मोजूनच आत घेतात. लकडी पुलावर वर्षानुवर्षं दुचाकींना बंदी राहिली, रिक्षा मात्र सोडल्या जात, आणि बाहेरगावाहून आलेल्या कितीतरी दुचाकीस्वारांनी तिथे दंड भरला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र दोघांनाही मज्जाव. तिथल्या वेगात एकाला रेषेवरचा तोल पुरत नाही, दुसऱ्याला त्रिकोण.

तिसरं चाक ज्यांना हवंच असतं

आतापर्यंतचा हिशेब देण्याघेण्याचा होता. काही जणांसाठी मात्र हा हिशेब मुळातूनच वेगळा आहे.

माझ्या परिचयाच्या एक बाई लहानपणच्या पोलिओमुळे डाव्या पायावर भार देऊ शकत नाहीत. त्यांच्या स्कूटरला मागे दोन्ही बाजूंना साइड व्हील बसवलेली आहेत. या स्कूटरला तशी चार चाकं झाली, पण माग तीनच. तिच्यावर त्यांनी पंचवीस वर्षं नोकरी केली. सिग्नलला पाय टेकायला लागत नाही, या एका सोयीवर त्यांचं सगळं स्वातंत्र्य उभं आहे. रिक्षाला हात केल्यावर ती थांबेल का, बसची पायरी चढता येईल का, हे प्रश्न त्या चाकांनी संपवले.

पण त्यांनीच मला एक गोष्ट दाखवली, जी कुठल्या पुस्तकात मी वाचली नव्हती. त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी रस्ता मधोमध खोलगट आहे. तिथे दोन्ही बाजूंची चाकं उंचावर टेकतात आणि मधलं, इंजिननं फिरणारं चाक अधांतरी राहतं. इंजिन ओरडतं, चाक जागच्या जागी फिरतं, स्कूटर हलत नाही. म्हणून त्या फाटकातून नेहमी तिरक्या येतात. चांगला मिस्त्री साइड व्हीलना स्प्रिंगचा लवचीकपणा देतो, तो याचसाठी. बाई म्हणाल्या, "मला गाडी शिकवताना सगळे म्हणायचे, आता पडायची भीती नाही, बिनधास्त चालव. वळणावर ती कलत नाही, हे कुणी सांगितलं नाही." पहिल्याच आठवड्यात एका वळणावर त्या पडल्या. साइड व्हील बसवून देणाऱ्या प्रत्येक दुकानानं आणि वाहनात असे बदल नोंदवून घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयानं हे एक वाक्य आवर्जून सांगायला हवं. दुचाकी येत असेल तर ती सवय बाजूला ठेवा आणि मोकळ्या मैदानात नव्यानं शिका.

तिसरं चाकही हवं आणि कलणंही हवं, असा हट्ट धरणारेही निघाले. २००६ मध्ये पिआजिओनंच एमपी३ ही स्कूटर आणली. तिची पुढची दोन चाकं समांतर पट्ट्यांनी अशी जोडलेली असतात की स्कूटरबरोबर दोन्ही कलतात, आणि थांबल्यावर एक बटण दाबून ती जोडणी जागच्या जागी पक्की करता येते, म्हणजे पाय टेकायला नको. २०१८ मध्ये यामाहानं याच विचाराची निकेन नावाची मोठी मोटारसायकल काढली. अशी गाडी वजनानं आणि किमतीनं भारी, दुरुस्तीला किचकट. पण ज्या घराण्यानं १९४८ मध्ये स्कूटरचं कलणं काढून घेऊन तिची आपे केली, त्याच घराण्याला ते कलणं परत द्यावंसं वाटलं, यातच दोन्ही गुणांचं मोल आलं.

पाय टेकायची वेळ

आठवडाभर मी रोज सकाळी त्या मैदानात जात होतो. चौथ्या दिवशी अंग आवरलं, हात शिकले. वळणाआधी वेग उतरू लागला. शेवटच्या दिवशी काका माझ्या मोटारसायकलकडे बघत म्हणाले, "एक चक्कर मारू का? वीस वर्षं झाली हिला हात लावून."

त्यांनी सुरेख चक्कर मारली. कडुनिंबाला वळसा घालताना गाडी अशी अलगद कलली की हा माणूस आयुष्यभर दुचाकीच चालवत आला असावा असं वाटावं. अंग काही विसरलं नव्हतं. मग ते माझ्यासमोर येऊन थांबले. ब्रेक नीट लागला, क्लच नीट दाबला गेला, पण दोन्ही पाय वरच राहिले. वीस वर्षं ते ज्या गाडीवर थांबत आले, तिच्यावर थांबणं म्हणजे फक्त थांबणं होतं. गाडी हळूच एका बाजूला झुकू लागली. मी हँडल धरलं, त्यांच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं आणि डावा पाय जमिनीवर आला.

काका क्षणभर तसेच उभे राहिले, टेकलेल्या पायाकडे बघत. मग गाडी स्टँडवर लावून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "वळताना ही सांभाळते," ते म्हणाले, "थांबताना आपण हिला सांभाळायचं." आणि आपल्या रिक्षाकडे गेले.